लोणी गप्प होईपर्यंत

बाईंची आणि माझी ओळख फरसबीच्या एका शेंगेनं करून दिली. वाशीच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला असेल. निम्मं सामान अजून खोक्यांतच होतं, आणि खाडीवरच्या डासांनी माझ्या पोरीचे गाल सुजवून ठेवले होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक ठेंगणी, पन्नाशीची बाई. सुती पातळ चापूनचोपून नेसलेलं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि हातात जेवणाचा काटा. काट्याला एक हिरवीगार शेंग टोचलेली.

"खा," बाई म्हणाल्या.

नाव नाही, गाव नाही, 'नवीन आलात का' नाही. मी तरी किती वेंधळी! मुकाट्यानं तोंड उघडलं आणि खाल्ली.

"काय लागलं?"

"लोणी," मी म्हटलं. "आणि काहीतरी भाजलेलं. दाणे का?"

"दाणे नाहीत, काजू अजून घातलेले नाहीत. नुसतं लोणी. लोण्यालाच तसा वास असतो, येऊ दिला तर." मग काट्याकडे बघत म्हणाल्या, "मी खालच्या मजल्यावर राहते. शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी या." आणि वळून जिना उतरून गेल्या.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं?"

"खालच्या बाई. शेंग खायला घातली."

"कोण, कुठली, काही विचारपूस न करता खाल्लीससुद्धा?" सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरातल्या पुढच्या कित्येक भांडणांचा नारळ त्या दिवशी फुटला.

बाईंना सगळे बाईच म्हणायचे. शाळेतली पोरं म्हणायची ते ठीक, पण दूधवाला, पोस्टमन, आणि त्यांचे मिस्टरसुद्धा बाईच म्हणायचे. मिस्टर महाप्याकडच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होते. अत्यंत गरीब माणूस. बाईंनी समोर ठेवलेलं खायचे आणि पेपरात तोंड खुपसायचे. बाईंची खरी संसाराची गोष्ट म्हणजे त्यांचा गॅस, त्यांची रुंद स्टीलची पातेली आणि ती भाजी.

ती भाजी म्हणजे आमच्या सेक्टरमधलं एक प्रकरणच होतं. शेंगांच्या शिरा काढायच्या, पण चिरायच्या नाहीत. पाणी मीठ घालून खळखळून उकळायचं, शेंगा त्यात सोडायच्या, झाकण ठेवायचं नाही. दाताखाली जराशा कच्च्या लागतायत तोवरच काढून गार पाण्यात टाकायच्या. मग पातेलीत घरचं पांढरं लोणी मंद आचेवर ठेवायचं. पातेली स्टीलचीच हवी, काळ्या कढईत रंग दिसत नाही. लोणी वितळतं, फेसाळतं, तडतडतं. त्यातलं पाणी उडालं की आवाज थांबतो, आणि फेसाखाली तळाला बसलेले बारीक कण बदामी व्हायला लागतात. झाले बदामी की पातेली खाली. वरून चिपळूणकडची काजूची कणी, लिंबाचे चार थेंब, आणि हे सगळं तळच्या कणांसकट शेंगांवर ओतायचं. संपलं. मोहरी नाही, हळद नाही, ओलं खोबरं नाही.

आता हे ऐकून आमच्या बायका काय म्हणणार? "ही भाजी की आजाऱ्याचं पथ्य?" असं एकीनं तोंडावर विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "फोडणी घालणं म्हणजे भाजीला ओरडून उठवणं. मी तिला हळू हाक मारते." आणि वर, "तुमच्याकडे ओरडायचीच पद्धत असेल तर राहू दे."

अशी जीभ होती बाईंची. स्वयंपाक शिकवायलाही लागल्या तर तसंच. मी संध्याकाळी पोरीला घेऊन जायची आणि त्यांच्या ओट्याशी उभी राहायची. मी बोलायला तोंड उघडलं की त्या हात वर करायच्या. "ऐका. लोणी आधी बडबड करतं. करू दे. तेव्हा तुम्ही काहीही करा, केर काढा, नवऱ्याशी भांडा. ते गप्प झालं की मात्र नजर हलवायची नाही." एकदा मी घाईघाईनं गॅस मोठा केला, तर त्यांनी तो सरळ बंदच केला. "घाई असेल तर पोहे करा," म्हणाल्या, आणि त्या दिवशी मला खरंच पोहे करायला लावले.

ही विद्या त्यांना वडिलांकडून आली. वडील मलबार हिलवर कुणा साहेबाच्या बंगल्यात बटलर होते. बाईंचं सगळं बालपण त्या बंगल्यामागच्या खोल्यांमध्ये गेलं. लोक असली गोष्ट आवाज खाली करून सांगतात. बाई आवाज चढवून सांगायच्या. "आमचे वडील बटलर!" कुणी आपले आजोबा न्यायाधीश होते असं सांगावं, त्या थाटात. साहेब गेला, बंगला दुसऱ्याचा झाला, पण वडिलांनी दर रविवारी आपल्या चुलीवर ही एक भाजी केली आणि पोरांना पंक्तीत बसवून काट्यानं खायला लावली. काटा चुलीसमोर, चटईवर बसून! मला ते ऐकून हसू आलं, तर बाई म्हणाल्या, "हसा. पण माझा बाप सांगायचा, साहेबाचं सगळं सोडा, एवढं एक घ्या. ते चांगलं आहे म्हणून घ्या, साहेबाचं आहे म्हणून नाही."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. बोनकोड्याहून एक भाजीवाली पाटी घेऊन आमच्या कोपऱ्यावर बसायची. बाई पाटीतली एक शेंग उचलून कानाजवळ नेऊन मोडायच्या. 'टक' आवाज आला तर ठीक, नाहीतर दुसरी मोडायच्या, मग तिसरी.

"काय गो बाय," भाजीवाली कावायची, "सगल्या शेंगा मोडशील त मी इकू काय? यो काय तुज्या साळंचा पेपर हाय?"

"पेपरच आहे. नापास झाली तुझी शेंग. पाणी मारून आणलीस."

"पानी समदीच मारतान! ताजीच हाय ती."

"मग मोडताना बोलत का नाही?"

शेवटी ती बिचारी बाईंसाठी वेगळा वाटा पदराखाली झाकून ठेवायला लागली. बाईंनी त्या वाट्यातलीसुद्धा शेंग मोडून बघितली.

आता जे सांगायचं ते सांगते. बाई बौद्ध. मूळच्या चिपळूणकडच्या. त्यांच्या हॉलमध्ये शिरल्याशिरल्या बुद्धाची मूर्ती दिसायची, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या काही बायका हॉलपर्यंत जायच्या, पण ओट्यापर्यंत जायच्या नाहीत. 'नको हो, आत्ताच जेवण झालंय' हे वाक्य बाईंच्या घरात जितकं ऐकू यायचं तितकं कुठंच नाही. बाई काही बोलायच्या नाहीत. पण त्यांनीही आपली एक पद्धत काढली होती. त्या कुणाकडे गेल्या की दारातच जाहीर करायच्या, "मी जेवून आलेय हं. टेन्शन घेऊ नका." आणि चहाचा विषय निघाला की पर्समधून स्वतःचा स्टीलचा पेला काढून टीपॉयवर ठेवायच्या. "यात घाला. तुमचा विचार वाचला, कुठला कप द्यायचा म्हणून."

अहो, समोरच्या बाईला जमीन दुभंगावी असं व्हायचं! बाई मात्र आरामात बिस्किट बुडवून खायच्या. माझ्याकडे त्या आल्या की मी तो पेला हिसकावून घ्यायची आणि आमच्या लग्नातल्या कपात चहा द्यायची. मी कराडची, भांडखोर आहे, लपवत नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून बघत असायच्या. बाई गेल्या की तो कप दिवसभर बेसिनमध्ये तसाच पडायचा, आणि संध्याकाळी मी तोच धुऊन त्यात सासूबाईंना चहा द्यायची. त्यांना ते माहीत होतं. प्यायच्या पण नाहीत, आणि बोलायच्या पण नाहीत.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. वाईच्या जुन्या घरात वाढलेलं माणूस. तूप कढवावं तर त्यांनीच. साय, विरजण, पहाटे घुसळण, लोणी, आणि मग मंद आचेवरचं ते रवाळ, सोनेरी तूप. बेरी गाळणीत उरली की त्यात साखर घालून बोटानं चाटून बघायची, हा त्यांचा साठ वर्षांचा रिवाज. तूप कसं झालंय ते त्यांना तुपावरून नाही, बेरीवरून कळायचं. बाईंशी त्या कधी सरळ बोलल्या नाहीत. जिन्यात गाठ पडली तरी मला म्हणायच्या, "त्यांना सांग, नळाला पाणी आलंय." बाई समोर उभ्या असायच्या!

आणि खालून बाईंच्या लोण्याचा वास आमच्या खिडकीत आला की सासूबाई कपाळावर हात मारायच्या. "करपवलं बघ तूप तिनं. एवढं सोन्यासारखं लोणी! जरा आधी उतरवायला काय होतं?" मी सांगून सांगून दमले, की ते तूप नाही, ते तसंच करायचं असतं. पण तूप कसं कढवायचं हे सासूबाईंना सांगणारी मी कोण?

आमच्या सेक्टरचं महिला मंडळ होतं. भोगीच्या दिवशी समाजमंदिरात सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोणी, खिचडी, डाळ, भोगीची भाजी, सगळं बायका घरून करून आणायच्या. कुणी काय आणायचं ते अध्यक्षबाई ठरवायच्या. अध्यक्षबाई फार गोड बोलायच्या. इतकं गोड, की घरी जाऊन पाणी प्यावंसं वाटायचं. "बाई, तुम्ही शाळेत किती दमता! तुमच्यावर भार नको. तुम्ही आपल्या पत्रावळ्या आणा." पुढच्या वर्षी केळी. त्याच्या पुढच्या वर्षी मीठ आणि लिंबं.

बाई आणायच्या. लिंबं आणली ती सुद्धा एकेक दाबून, पातळ सालीची. मला म्हणाल्या, "पाहिलंत ना? ज्याला शिजवावं लागत नाही ते माझ्याकडे येतं." गणितातलं उत्तर सांगावं तसं सांगितलं. मीच चिडून लाल झाले.

"तुम्ही बोलत का नाही?"

"बोलणार आहे. यंदा बोलणार आहे." आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. मिस्टरांच्या नात्यातल्या माणसांनी चेंबूरला एक जागा बघून ठेवली होती. आपली माणसं, आपली वस्ती, शेजारपाजार सगळा घरचा. मिस्टर वर्षभर मागे लागले होते. "मी नाही म्हणत आलेय," बाई म्हणाल्या. "हे घर मी निवडलं. ही खाडी, हा वारा मला आवडतो. पण सारखं पाहुण्यासारखं राहायला मलाही कंटाळा आलाय. यंदा भोगीला मी माझी भाजी नेणार. पातेलं रिकामं झालं तर राहते. भरलेलं परत आलं तर सामान बांधते."

"अहो, एका भाजीवर घर सोडता?"

"भाजीवर नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय कशावर ते."

मला कळत होतं. त्या बिल्डिंगमध्ये मला जीव लावणारं एकच माणूस होतं आणि ते जाणार की राहणार हे त्या फरसबीवर ठरणार होतं. मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. रागारागात सांगितलं. त्या भाकऱ्यांचे तीळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

मंडळाच्या सभेत अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि बाई, तुम्ही पत्रावळ्या."

बाई उभ्या राहिल्या. "यंदा फरसबी माझी. पत्रावळ्या तुम्ही आणा. तुम्ही पण दमता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक मीच. अध्यक्षबाईंचा चेहरा जरा ताणला, पण आवाजातली साखर तशीच. "चालेल की. पण सगळ्याच घेतील असं नाही हं. काहींचे उपास असतात."

"भोगीला उपास?" बाईंनी विचारलं. "नवीनच कळलं. ज्यांचा असेल त्यांनी आधी सांगा, त्यांच्यासाठी केळी आणते. मला केळ्यांचा अनुभव आहे."

भोगीच्या दिवशी समाजमंदिराच्या मागच्या स्वयंपाकघरात ही गर्दी. खिचडी गरम करायला एक शेगडी, दुसरी मोकळी. लोणी आणि तूप हे खातं दरवर्षी सासूबाईंचं. त्या पहाटे घुसळलेल्या लोण्याचं भांडं आणि आपली गाळणी घेऊन कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. खिचडीवरचं तूप तिथंच ताजं कढवून झालं होतं. बाईंनी मोकळ्या शेगडीवर पातेली ठेवली, लोणी टाकलं, आच अगदी बारीक केली. तेवढ्यात निरोप आला, की मिस्टर शेंगांचं मोठं पातेलं रिक्षातून घेऊन आलेत आणि त्यांच्या एकट्याच्यानं ते पायऱ्यांवरून चढत नाहीये.

"अजून बडबडतंय," बाई लोण्याकडे बघून म्हणाल्या. "चला, पटकन आणू."

आम्ही गेलो. बाई आणि मिस्टर दोन बाजूंनी पातेलं धरून, मी पुढं लोकांना बाजूला सारत. मिस्टर पातेलं पोचवून बाहेर गेले. पटकन झालं असतं, पण अध्यक्षबाई आडव्या आल्या. "हे इकडे ठेवू या का? पाण्याच्या पिंपाजवळ? तिथं ऐसपैस होईल."

"डाळीच्या शेजारी ठेवू," बाई म्हणाल्या.

"तिकडे जागा नाही हो."

"डाळ सरकवा."

डाळ सरकवायची की नाही यावर जी बोलाबोली झाली त्यात वेळ गेला. डाळ सरकली. शेवटी बाई तरातरा स्वयंपाकघराकडे निघाल्या, त्यांच्यामागे मी, आणि आमच्यामागे अध्यक्षबाई.

आत जाऊन बघते तर शेगडी बंद. पातेली बाजूला उतरवलेली. एका भांड्यात स्वच्छ, पारदर्शक, गाळलेलं तूप. आणि सासूबाई पाटावर, मांडीवर वाटी, वाटीत बेरी आणि साखर, आणि तोंड हलतंय.

मला बघून त्यांना कोण आनंद झाला! "अगं, होतीस कुठे? करपलंच असतं सगळं! माझं लक्ष जाईपर्यंत तळाला लागायला आलं होतं. मी उतरवलं, गाळलं. त्यांना सांग, वाचलं हो त्यांचं तूप."

बाई भांड्यातल्या तुपाकडे बघत राहिल्या. त्यांच्या भाजीचा सगळा जीव त्या कणांत, आणि ते कण वाटीत. "बेरी..." एवढंच त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा हात वाटीतच थांबला. आत्ता कुठं त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण कुणाचं लोणी खातोय. साठ वर्षं जो हात गाळणीतून वाटीत आणि वाटीतून तोंडात जात होता, तो आजही आपला आपण गेला होता. खिचडी ढवळणारी मुलगी ढवळायची थांबली. मला वाटलं, आता ह्या थुंकणार. आणि थुंकल्या तर बाई आत्ताच्या आत्ता घरी जाऊन सामान बांधतील, आणि मी पण ह्या म्हातारीशी जन्मात बोलणार नाही.

अध्यक्षबाईंनी पटकन पाण्याचा तांब्या पुढं केला. "सवयीनं गेलं हो आजी, चुकून झालं. चूळ भरा. काही होत नाही."

सासूबाईंनी तांब्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग पुन्हा वाटीकडे.

"चुकून?" त्या म्हणाल्या. "पहिलं बोट चुकून गेलं. पण दुसऱ्या वेळी मी ह्या मुलीकडून साखर मागून घेतली. ते काय चुकून?"

तांब्या तसाच हवेत राहिला.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंशी सरळ बोलल्या. "फार खमंग झालीय. इतकी बेरी मी कढवली, पण मी घाबरून आधीच उतरवते. एवढ्यापर्यंत न्यायचं धाडस मला कधी झालं नाही. तुम्ही मुद्दाम नेता, होय ना? आणि मी वर बसून करपलं म्हणत होते." मग वाटी पुढं केली. "अजून आहे यात. शेंगांवर घाला."

कुणीही विरघळलं असतं. मी तर रडायलाच लागले होते. बाई नाही विरघळल्या. त्यांनी वाटीत वाकून बघितलं आणि मान हलवली.

"बोट घातलंत ना यात? मग नाही चालणार. मी कुणाला उष्टं वाढत नाही."

हो! तोंडावर! सासूबाईंना! हा शब्द आमच्या घरात त्याच एकट्या वापरायच्या, दुसऱ्या कुणाला तो वापरायची मुभा नव्हती. अध्यक्षबाईंनी डोळे मिटले. आणि सासूबाई चक्क म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." नळाखाली हात धुतला, स्वच्छ पुसला, आणि आपलं लोण्याचं भांडं उचलून बाईंच्या पुढ्यात ठेवला. "हे घ्या. पहाटेचं आहे."

"हे भाकरीवर वाढायचं ना?" बाईंनी विचारलं.

"बायका एक दिवस तुपाशी खातील भाकरी. मरत नाहीत."

बाईंनी लोण्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. "माझ्यापेक्षा चांगलं आहे," असं त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणाबद्दल कधी ऐकलं नाही.

मग त्या दोघी शेगडीशी उभ्या राहिल्या. पातेली सांडशीनं धरायला सासूबाई, बघायला बाई. लोणी फेसाळलं, तडतडलं. सासूबाईंचा जीव वरखाली होत होता.

"उतरवू?"

"थांबा."

"अहो, रंग बदलला!"

"बदलू दे. थांबा."

"करपेल हो, बाई!"

"ऐका जरा. अजून बोलतंय ते."

ज्या बाईनं मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी पळीसुद्धा मनासारखी धरू दिली नाही, ती ओठ घट्ट मिटून, सांडशी धरून उभी होती. लोणी गप्प झालं. स्वयंपाकघर पण गप्प झालं. भाजल्या काजूसारखा तो वास सगळीकडे भरला आणि दारात बायकांची डोकी दिसायला लागली.

"आता," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंनी पातेली अशी चटकन उचलली की मला त्यांच्या वयाचाच विसर पडला.

वाढायला बाई स्वतः उभ्या राहिल्या, डाळीच्या शेजारी. रांगेत सगळ्यात पुढं सासूबाई. त्या जेवायला कधीच पहिल्या बसत नसत, पण त्या दिवशी पत्रावळ घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वाढा." त्यांच्यामागच्या बायकांची कुजबुज मी ऐकली. काही जणी डाळ घेऊन तशाच पुढं सरकल्या, नाही असं नाही. बाई त्यांच्याकडे बघून मोठ्यांदा म्हणायच्या, "पुढच्या!" आणि पुढची पत्रावळ पुढं यायची. आधी तरण्या सुना आल्या, मग त्यांच्या सासवा आल्या. अध्यक्षबाईंनी एक शेंग घेतली. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून परत येऊन आणखी घेतल्या, पण बाईंचं लक्ष होतं.

सासूबाई पुन्हा आल्या. "मला अजून थोडी."

"सगळ्यांना झाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाई जाऊन भिंतीशी बसल्या. हात न धुता, रिकामी पत्रावळ पुढ्यात घेऊन, शेवटची बाई जेवून उठेपर्यंत बसून राहिल्या. मी म्हटलं, चला घरी, तर मला हातानंच गप्प केलं.

अखेर बाई पातेलं कडेवर घेऊन त्यांच्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि पातेलं तिरकं करून तळच्या शेंगा, काजूची कणी, लोण्याचे बदामी कण, सगळं पळीनं खरवडून त्यांच्या पत्रावळीत घातलं.

"गार झालीय," बाई म्हणाल्या.

"असू दे."

त्याच वेळी मिस्टर सामान न्यायला दारात आले. त्यांना बिचाऱ्यांना आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी भीतभीत विचारलं, "उरलं का काही?"

बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी भिंतीशी बसलेल्या सासूबाईच बोलल्या. तोंडात घास होता, तरी ठणठणीत आवाजात बोलल्या.

"काही उरलं नाही. आणि त्या चेंबूरच्या जागेला नाही म्हणून कळवून टाका."

मिस्टर गोंधळून बाईंकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

"कळवा तसं," त्या म्हणाल्या.